प्रकल्प आपल्या नावावर घ्यावा की सहसंशोधक व्हावं?

गोव्यातल्या कॉलेजात कायम नोकरीवर असलेल्या प्राध्यापकापुढे निधीच्या दोन वाटा असतात. प्रकल्प स्वतः आणून मुख्य संशोधक व्हायचं, नाहीतर ताळगावच्या विद्यापीठातल्या किंवा दोनापावलाच्या एनआयओतल्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या) कुणाच्या प्रकल्पात सहसंशोधक म्हणून जायचं.

तासांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला शिकवण्याचे 16 तास, त्यावरच्यांना 14. प्रकल्प मिळाला म्हणून त्यातला एकही आपोआप सुटत नाही. तेव्हा तास मोजण्याआधी पंचांग काढा.

विषय सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, वनस्पतींचा असेल तर फुलोरा ऐन पावसाळ्यात, म्हणजे नेमका पहिल्या सत्रात. मधे चवथीची सुट्टी मिळते तेवढीच. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) किंवा चोडणच्या खारफुटीतल्या नमुन्यांचं दुखणं याहून मोठं. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, वेळापत्रक जागचं हलत नाही. चोडणहून फेरीबोटीने रायबंदरला परत येईपर्यंत मुलं प्रॅक्टिकलला ताटकळलेली. अशा विषयात पहिल्या खेपेला मी सहसंशोधकच होईन: नमुने मोठ्या संस्थेची माणसं आणतील, विश्लेषण आणि लेखन आपण रात्री करू. दफ्तरखान्यातल्या कागदांचं किंवा संगणकावरचं काम असेल तर मात्र खुशाल स्वतःच्या नावावर घ्या. कागदाला भरती-ओहोटी नसते.

मुख्य संशोधकाच्या मानेवर 31 मार्चही बसलेला असतो. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची खरेदी, प्रकल्पावर नेमलेल्या फेलोचा पगार, निधी कशावर खर्च झाला याचं उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं त्या सुमाराला, आणि तेव्हाच दुसऱ्या सत्राचे अंतर्गत गुण भरायचे असतात. सहसंशोधकाला यातलं फारसं काही करावं लागत नाही. पण उपकरण ज्या संस्थेच्या नावावर घेतलं तिथेच राहतं. आपल्या कॉलेजला सूक्ष्मदर्शक हवा असेल तर स्वतःच्या नावावर प्रकल्प घेण्याची बाजू जड आहे.

बढतीचं म्हणाल तर गंमत आहे. यूजीसीच्या त्याच नियमांत 10 लाखांवरच्या पूर्ण झालेल्या प्रकल्पाला 10 गुण, त्याखालच्याला 5. संयुक्त प्रकल्प असला की मुख्य आणि सहसंशोधकाला निम्मे-निम्मे. म्हणजे मार्चची झोप एकाची उडते, गुण दोघांना सारखे. तरी पुढचा प्रस्ताव लिहिताना आधी स्वतः प्रकल्प चालवल्याचा उपयोग होतो, तो या गुणांत मोजलेला नाही.

स्वतःच्या नावावर घ्यायचंच ठरलं तर होकार देण्याआधी प्राचार्यांकडून आठवड्यातला एक सलग मोकळा दिवस लेखी घ्या. तोंडी मिळालेला दिवस पहिल्याच परीक्षेत जातो. आणि फेलोच्या मुलाखतीत दुचाकी चालवता येते का, हे विचारायला विसरू नका.