जैवनीतिशास्त्रात उतरायचं, पण कुठून: शोधनिबंधातून की लोकचर्चेतून?

वैद्यक, कायदा, तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्र शिकून जैवनीतिशास्त्राकडे, म्हणजे वैद्यक आणि जीवविज्ञानातल्या योग्य-अयोग्याच्या अभ्यासाकडे, वळणाऱ्यांपुढे लवकरच दोन वाटा येतात. एक विद्यापीठातल्या संशोधनाची. दुसरी वृत्तपत्रं, सभा आणि नागरिकांच्या बैठकांतून हेच प्रश्न लोकांपुढे नेण्याची. पुढं दोन्ही जमवता येतात, पण सुरुवातीची चार-पाच वर्षं एकीलाच द्यावी लागतात. ती कुठं द्यायची याचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

दोन्ही वाटांची ताकद आणि उणीव एकाच प्रकरणात दिसते, ते अमेरिकेतल्या टस्कीगी गावचं. 1932 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं अलाबामात सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास सुरू केला. 399 जणांना आजार होता, 201 जणांना नव्हता. 1947 च्या सुमारास पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला, तरी तो या माणसांना दिला गेला नाही. आणि हे काही गुपित नव्हतं. 1936 पासून या अभ्यासाचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते, जाणकार ते वाचत होते. त्याच सेवेत काम करणाऱ्या पीटर बक्स्टन यांनी 1966 मध्ये लेखी आक्षेप घेतला. 1969 मध्ये तज्ज्ञांची समिती बसली आणि तिनं अभ्यास चालूच ठेवायला सांगितलं. जुलै 1972 मध्ये बातमी वृत्तपत्रांत आली. त्याच वर्षी अभ्यास बंद पडला.

एवढ्यावरून लोकचर्चेच्या बाजूनं कौल देण्याचा मोह होतो. पण बातमीनं अन्याय थांबवला, नियम घडवले नाहीत. 1974 च्या कायद्यानं संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी एक आयोग नेमला गेला. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं मांडणारा त्याचा बेलमाँट अहवाल 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दाशब्दावर वाद घालणारं ते काम संतापाच्या भरात होणारं नव्हतं.

संशोधनाचा खरा फायदा हाच आहे: सैल शब्द खपत नाही. ‘मानवी प्रतिष्ठा’ असं लिहिलंत की निबंध छापण्याआधी तपासणारा परीक्षक विचारतो, म्हणजे नेमकं काय? स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क, की बेशुद्ध माणसालाही असणारं मोल? दोन अर्थांवरून दोन वेगळे निष्कर्ष निघतात. ही शिस्त सभेत मिळत नाही. तिथं टाळ्या मिळाल्या की वाक्य बरोबर वाटू लागतं, आणि जाहीरपणे घेतलेली भूमिका बदलणं फार जड जातं.

सभेत मिळतं ते वेगळंच. 1982 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपलबॉम आणि सहकाऱ्यांनी एका गैरसमजाला नाव दिलं: औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाला वाटतं की आपल्याला मिळणारं औषध आपल्यासाठीच निवडलेलं आहे. निबंधात ही व्याख्या नीट कळते. पण संमतीपत्र हातात धरून कुणी विचारतं, “मला खरं औषध मिळतंय की नुसती गोळी, हे माझ्या डॉक्टरांना तरी ठाऊक असेल ना?” आणि अनेक चाचण्यांत डॉक्टरांनाही ते ठाऊक नसतं, असं तुम्हाला विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून सांगावं लागतं. ‘यादृच्छिक’ हा शब्द तिथं कामाचा नाही. ‘चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं’ म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. माझ्या मते संमतीवर लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा क्षण एकदा तरी अनुभवावा.

मात्र सामान्य माणसांच्या हाती निर्णय दिला की न्याय होतोच, असं नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलमध्ये डायलिसिसची यंत्रं मोजकी होती. कुणाला ती मिळावीत हे सात जणांची समिती ठरवत असे. त्यांत धर्मगुरू, वकील, बँकर, गृहिणी अशी माणसं होती. त्यांनी वय, उत्पन्न, मुलंबाळं, इतकंच काय पण चर्चला जाणंही विचारात घेतलं. सद्हेतू होता, पण निवडलेली माणसं समितीसारखीच निघण्याचा धोका उघड होता.

उलट, तयारीनं घेतलेली चर्चा किती खोल जाऊ शकते हे आयर्लंडनं दाखवलं. गर्भपाताच्या प्रश्नावर 99 नागरिकांनी अनेक शनिवार-रविवार बसून तज्ज्ञांना आणि भोगलेल्यांना ऐकलं, मग शिफारशी केल्या. 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी घटनेतली बंदी काढण्याच्या बाजूनं मत दिलं. अशा बैठकांसाठी साधी पण चोख टिपणं लिहिणारी माणसं लागतात आणि ती कमी आहेत.

थोडं व्यवहाराचं. संशोधनात रुग्णांच्या मुलाखती घ्यायच्या तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. काम संथ, वाचक थोडे. लोकांसाठीच्या लेखनाला अशी चाळणी नसते, म्हणून जबाबदारी वाढते. नाव गाळलं तरी आजार, वय आणि गाव यांवरून रुग्ण ओळखू येतो.

तर माझा कौल असा. रुग्णालयात, चाचण्यांत किंवा शुश्रूषेत काही वर्षं काढली असतील, तर आधी संशोधनाकडे जा. अनुभव आहे, त्याला धार हवी. थेट पुस्तकांतून येत असाल, तर आधी लोकांत जा, निदान वर्षभर.

तरी ठरत नसेल तर भ्रूणाच्या 14 दिवसांच्या मर्यादेवर, म्हणजे प्रयोगशाळेत मानवी भ्रूण त्याहून जास्त दिवस वाढवू नये या नियमावर, हात चालवून पाहा. तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं ब्रिटनमध्ये 1984 मध्ये ती सुचवली, 1990 मध्ये कायदा झाला. तेव्हा इतके दिवस भ्रूण प्रयोगशाळेत टिकवता येत नव्हता; 2016 मध्ये संशोधक मर्यादेच्या अगदी जवळ पोचले. 2021 मध्ये स्टेम सेल (मूळ पेशी) संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांतली सरसकट मनाई काढली आणि यावर लोकांशी बोलणं व्हावं असं सुचवलं. यावर दोन पानं तुमच्या विरोधातल्या तत्त्वज्ञासाठी लिहा. दोन पानं अशा जोडप्यासाठी लिहा, ज्यांचे उपचारांतून उरलेले भ्रूण गोठवून ठेवले आहेत आणि ते संशोधनाला द्यायचे का, हे ज्यांना ठरवायचं आहे. दुसरी पानं या विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या, आणि वाचताना ते कुठं अडखळतात तिथं पेन्सिलनं खूण करायला सांगा.