फुलदाणीसाठी साधे पाणी, साखर-लिंबाचे द्रावण की तुरटी? मराठवाड्यातील घरांसाठी एक तुलना

लग्नसराईत किंवा सत्कारात मिळालेला पुष्पगुच्छ घरी आणल्यावर तो टिकवण्याचे चार-पाच उपाय चार-पाच जण सांगतात, आणि त्यातला नेमका कोणता निवडावा हे ठरवणे कठीण जाते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी असते, आणि पाने-पाकळ्यांतून जितके पाणी उडून जाते तितके दांड्यातून वर चढले नाही की फूल मान टाकते. म्हणून प्रत्येक उपायाची पारख एकाच कसोटीवर करावी: त्याने दांड्यातील पाण्याची वाट मोकळी राहते का? ही वाट मुख्यतः दोन कारणांनी अडते. कापलेल्या टोकातून आत शिरलेली हवा हे पहिले आणि फुलदाणीतील पाण्यात वाढणारे जिवाणू हे दुसरे. याशिवाय, किंचित आंबट पाणी दांड्यातून सहज चढते, तर बोअरचे क्षारयुक्त पाणी तितके सहज चढत नाही.

कोणताही उपाय निवडला तरी सुरुवातीची तयारी सारखीच आहे. पुष्पगुच्छ उलगडून रबर आणि चमकीचा कागद काढला की आत दांड्यांची टोके काळपट आणि बुळबुळीत झालेली दिसतात. ती पाण्यात बुडवून धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरपी कापावीत आणि पाण्याखाली जातील ती पाने खुडून टाकावीत. पाण्यात कुजणाऱ्या एका पानामुळे पुढचा सगळा खटाटोप वाया जाऊ शकतो.

आता पहिला पर्याय, रोज बदललेले साधे पाणी. तो स्वस्त आहे आणि कोणत्याही फुलाला बाधत नाही, मात्र त्याचे यश पाणी कोणते आहे यावर अवलंबून असते. आपल्याकडे अनेक शहरांत नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते टाकीत किंवा ड्रममध्ये साठवले जाते. साठवणीत त्यातील क्लोरीन उडून जाते आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते, त्यामुळे असे पाणी रोज न चुकता बदलावेच लागते. आरओचे पिण्याचे पाणी त्याहून पुष्कळ चांगले. त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र वापरू नये, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरचे पाणी मृदू करण्यासाठी मीठ वापरणारे यंत्र घरी असेल, तर ते पाणीही गुलाबाला चालत नाही, कारण त्यातील सोडियम गुलाबाला सोसत नाही. नांदेड जिल्ह्यातील काही गावांप्रमाणे जिथे भूजलात फ्लोराइड आहे, तिथे जरबेरा आणि ग्लॅडिओलस यांसाठी बोअरचे पाणी टाळावे. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइडही या दोन फुलांना अपाय करते.

दुसरा पर्याय म्हणजे साखर, लिंबू आणि ब्लीच यांचे द्रावण. एका लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर, दोन चमचे गाळलेला लिंबाचा रस आणि पाव चमचा कपड्यांसाठीचे बिनवासाचे साधे द्रवरूप ब्लीच घालावे. साखर कळ्यांना उमलण्याचे बळ देते, लिंबू क्षारयुक्त पाण्याला आंबटपणा देते आणि ब्लीच जिवाणूंना आवरते. यातील एकही घटक वगळू नये, विशेषतः नुसती साखर कधीच घालू नये. ती फुलाआधी जिवाणूंना पोसते आणि उन्हाळ्यात तर एका दिवसात पाणी गढूळ होते. ब्लीच आणि लिंबाचा रस कधीही थेट एकमेकांत मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. लिंबू पूर्ण पाण्यात विरघळल्यावरच ब्लीच घालावे. हे द्रावण दोन-तीन दिवसांनी बदलले तरी चालते. पाणीटंचाईच्या दिवसांत ही बाब लहान नाही, परंतु साध्या पाण्याप्रमाणे ते नंतर तुळशीला घालता येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

तिसरा पर्याय तुरटीचा. तो आपल्या घरांना सर्वांत जवळचा असून त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. फुलांच्या व्यापारात वापरल्या जाणाऱ्या टिकाऊ द्रावणांत अ‍ॅल्युमिनियम सल्फेट असते आणि तुरटी त्याच कुळातील आहे. तीही पाणी आंबट करते आणि जिवाणूंची वाढ रोखायला मदत करते. लिटरमागे चिमूटभर तुरटीची पूड आणि एक चमचा साखर पुरेशी होते. ज्या घरात लहान मुले आहेत आणि ब्लीच हाताळणे नको वाटते, तिथे मी हाच पर्याय सुचवेन. जिवाणूंना आवरण्यात तो ब्लीचपेक्षा थोडा कमी पडतो, म्हणून पाणी एक दिवस आधी बदलावे.

फुले टिकवण्यासाठी फुलवाल्याकडे मिळणारी तयार पूड या सर्वांत मोजून-मापून केलेली असते. ती मिळाली तर निःशंक वापरावी. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीत फुलाला पोसणारे काहीच नाही आणि पाण्यात टाकलेल्या नाण्यातून तांबे जवळजवळ उतरतच नाही, म्हणून या दोन्हींवर विसंबू नये. लिंबाचे द्रावण तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. काच किंवा चिनी मातीचीच फुलदाणी घ्यावी.

फूल कोणते, यावरही निवड बदलते. निशिगंधाच्या दांड्यावर खालची फुले आधी उमलतात आणि वरच्या कळ्या साखरेवाचून मिटलेल्याच गळतात, त्यामुळे साखरेच्या द्रावणाचा सर्वाधिक लाभ निशिगंधालाच होतो. फुलदाणीसाठी ‘सुवासिनी’ किंवा ‘वैभव’ यांसारखे दुहेरी पाकळ्यांचे वाण मागावे; एकेरी निशिगंध हारासाठी योग्य. ग्लॅडिओलसलाही साखर मानवते. जरबेऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याचा दांडा लवदार आणि आतून पोकळ असतो, खोल पाण्यात तो सडतो, म्हणून पाच-सात सेंटिमीटर उथळ पाणी आणि ब्लीचचे चार थेंब इतकेच त्याला द्यावे. गुलाबाला तिन्ही पर्याय चालतात, फक्त पाणी स्वच्छ हवे.

फुलदाणी कूलरच्या खोलीत ठेवावी, पण झोताबाहेर. कोरड्या उन्हाळ्यात कूलरची दमट, गार हवा फुलांना एसीच्या कोरड्या हवेपेक्षा अधिक मानवते. मे महिन्यात घरात केशर आंब्यांची अढी लावलेली असेल, तर फुले दुसऱ्या खोलीत न्यावीत, कारण पिकणाऱ्या आंब्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे कार्नेशनसारखी फुले अकाली मिटतात. फळे ठेवलेल्या फ्रीजलाही हाच नियम लागू होतो.

इतके करूनही गुलाबाने मान टाकली तर लगेच फेकू नये. दांडा पाण्याखाली पुन्हा कापून संपूर्ण फूल दांड्यासह कोमट पाण्याच्या पसरट टबात अर्धा-पाऊण तास आडवे बुडवून ठेवावे. पाकळ्या अजून घट्ट असतील तर मान बहुधा सरळ होते. पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या असतील तर मात्र ते फूल काढून टाकावे, म्हणजे उरलेल्यांचे पाणी खराब होत नाही.