दगडफुलाला ‘रोग’ म्हणून छप्पर धुणारा माणूस

उत्तर वेल्समधील आमच्या घराच्या छपरावर बेथेस्डाच्या खाणीतली जांभळट स्लेट (छपरावर बसवायच्या पातळ दगडी पाट्या) शंभरहून अधिक वर्षे टिकून आहे. गेल्या ऑक्टोबरात एक माणूस दारावर आला, छपराची अवस्था रस्त्यावरून दिसली असे म्हणाला, शिडी लावून वर गेला आणि नारिंगी-पिवळे पापुद्रे मुठीत घेऊन उतरला. ते तळहातावर चुरडून त्याने मला सांगितले की हा स्लेटला लागलेला रोग आहे, दगड आतून कुजत चालला आहे आणि हिवाळ्यापूर्वी धुऊन वर लेप दिला नाही तर सगळे छप्पर उतरवावे लागेल. धुराड्याभोवती त्याच उन्हाळ्यात बसवलेल्या शिशाच्या पट्टीखालचे पांढरे ओघळही त्याच रोगाचे आहेत, असे त्याने ठासून सांगितले. मी घाबरलो आणि दुसऱ्याच दिवशी 1,800 पौंड रोख दिले.

ते पापुद्रे म्हणजे दगडफूल होते. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याचेच हे भाऊबंद; बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने जगतात, त्यातून ते तयार होते. नारिंगी जात पक्ष्यांची विष्ठा पडते तिथे, म्हणजे आढ्याजवळ, अधिक दिसते, तर दगडाला घट्ट चिकटलेल्या काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. चांगल्या स्लेटला त्यांचा उपद्रव जवळजवळ नसतो. पांढरे ओघळ नव्या शिशावर पाऊस पडून तयार होणाऱ्या कार्बोनेटचे होते. माझ्या स्वयंपाकघरात दगडफुलाचा डबा असूनही मला ते ओळखता आले नाही, याचे आजही वाईट वाटते.

खरे नुकसान धुण्याने झाले. पाण्याचा जोरदार फवारा खालून वर मारल्यामुळे पाणी स्लेटच्या सांध्यांतून आत शिरले, अकरा स्लेटा सरकल्या आणि पहिल्याच वादळात माळ्यावरचे वासे ओले झाले. नंतर बोलावलेल्या जुन्या कारागिराने एकेक स्लेट बोटाच्या पेराने वाजवून दाखवली: चांगली खणखणते, कुजलेली बद्द वाजते. आमच्या बहुतेक खणखणल्या. त्याने माझ्या हातावर स्लेट छपराला धरून ठेवणारा एक खिळा ठेवला. गंजून तो सुईएवढा बारीक झाला होता आणि त्याचे डोके गळून पडले होते. दोष तिथे होता, आणि त्याकडे छप्पर धुणाऱ्या माणसाने पाहिलेही नव्हते.

काळजी करावी ती स्लेटच्या झाकलेल्या भागात पांढरी भुकटी आणि सुटे पापुद्रे दिसले तर, किंवा दगडातल्या लोहखनिजामुळे तपकिरी ओघळ येऊन तिथे भोक पडू लागले तर. जाड हिरवे शेवाळ पन्हळ तुंबवते. ते कोरड्या दिवसात हाताने काढावे, फवाऱ्याने नव्हे.

घरी येऊन केलेल्या अशा करारातून साधारणपणे 14 दिवसांत माघार घेण्याचा हक्क येथील कायदा देतो आणि तो लेखी कळवणे व्यावसायिकावर बंधनकारक असते. मला मिळालेल्या पावतीवर त्याचा उल्लेख नव्हता, आणि तिच्यावरच्या पत्त्यावर मी गेलो तेव्हा तिथे मोकळे मैदान होते.