आपोआप ब्रेक: अडासमधलं सगळ्यात कामाचं फीचर कितपत भरवशाचं?

शोरूममध्ये अडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणांचं पॅकेज, दाखवताना सेल्समन लेन धरून चालणाऱ्या स्टिअरिंगचं आणि पुढच्या गाडीप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या क्रूझ कंट्रोलचं कौतुक करतो. अपघात टाळण्याच्या हिशोबानं मात्र या पॅकेजमध्ये खरं वजन एकाच गोष्टीला आहे. टक्कर होणार असं दिसलं की आधी आवाज करून सांगायचं, आणि तरीही ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला नाही तर गाडीनं स्वतःच ब्रेक दाबायचा. हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे. निकाल आधीच सांगतो. दिवसाउजेडी, शहरातल्या वेगात, पुढच्या कारला मागून ठोकणं टाळायला ही यंत्रणा उत्तम. रात्री, हायवेच्या वेगात आणि आपल्या रस्त्यांवरच्या चित्रविचित्र वाहनांपुढे ती बेताचीच. पैसे पहिल्या कामासाठी मोजावेत, दुसऱ्या कामासाठी नाही.

आकडे अमेरिकेतले आहेत, कारण तिथे या गाड्या जास्त वर्षं रस्त्यावर आहेत. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेनं पोलिसांत नोंदलेले अपघात तपासले. नुसता इशारा देणाऱ्या गाड्यांमध्ये मागून ठोकण्याचे अपघात 27 टक्के कमी निघाले, इशारा आणि ब्रेक दोन्ही असलेल्या गाड्यांमध्ये 50 टक्के. म्हणजे जवळपास निम्मं काम ब्रेक करतो, आवाज नाही. म्हणून व्हेरियंट निवडताना ब्रोशरमध्ये नुसतं ‘कोलिजन वॉर्निंग’ लिहिलंय की ‘ऑटोनॉमस इमर्जन्सी ब्रेकिंग’सुद्धा, हे नीट वाचा. पादचाऱ्यांच्या बाबतीत त्याच संस्थेला घट दिसली 27 टक्के. पण अंधाऱ्या, दिवे नसलेल्या रस्त्यावर यंत्रणा असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांत काहीच फरक सापडला नाही.

वेग वाढला की काय होतं, ते एएए या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेच्या 2022 मधल्या चाचण्यांत स्वच्छ दिसतं. त्या वर्षीच्या चार मॉडेलांना थांबलेल्या गाडीच्या दिशेनं सोडलं. ताशी 48 किलोमीटरला 20 पैकी 17 वेळा टक्कर टळली. 64 ला 20 पैकी फक्त 6 वेळा. चौकात आडव्या येणाऱ्या गाडीपुढे आणि समोरून येणाऱ्या गाडीला आडवं वळताना एकदाही नाही.

वेग वाढला की थांबणं अवघड का होत जातं, हे कळायला गणित करावं लागतं. गाडी फार आधी ब्रेक लावू शकत नाही, कारण ड्रायव्हर स्टिअरिंग वळवून बाजूनं निघून जाईल ही शक्यता शेवटपर्यंत उरते. म्हणून पूर्ण ब्रेक टक्करीच्या साधारण दीड सेकंद आधी लागतो असं धरा. ताशी 50 ला दीड सेकंदात गाडी 21 मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला 11 मीटर पुरतात. निवांत बसतं. ताशी 100 ला दीड सेकंद म्हणजे 42 मीटर, आणि थांबायला लागतात 44. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवरसुद्धा हिशोब थोडक्यात हुकतो. पावसात, झिजलेल्या टायरवर तेच अंतर 75 मीटरच्या पुढे जातं, म्हणजे 100 नं जाणारी गाडी 68 च्या आसपास वेगानं आदळणार. त्यातही फायदा आहेच, धडकेची ऊर्जा निम्म्याखाली येते. पण टाळणं वेगळं आणि सौम्य करणं वेगळं, आणि जाहिरातीत हा फरक दिसत नाही. टायरवर पैसे वाचवून अडासवर खर्च करणाऱ्यानं हे गणित दोनदा वाचावं. ब्रेक कोणीही दाबला तरी रस्ता धरणारं रबर तेच असतं.

अमेरिकेनं 2024 मध्ये जो नियम पक्का केला, त्यात सप्टेंबर 2029 पासून नव्या गाड्यांनी ताशी 100 किलोमीटरपर्यंत पुढच्या वाहनाला न धडकता थांबायचं आहे, आणि पादचारी अंधारातही ओळखायचा आहे. आज विकत घेतलेली गाडी त्या दर्जाची आहे असं मात्र समजू नका.

आता सेन्सर. आपल्याकडे दोन प्रकार मिळतात. होंडाच्या सिटी, एलेव्हेट, अमेझमध्ये आणि 2023 च्या व्हेन्यूमध्ये काचेमागचा एकच कॅमेरा सगळं बघतो. एक्सयूव्ही 700, 2024 ची क्रेटा, हॅरियर यांच्यात कॅमेऱ्याच्या जोडीला पुढे 77 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं रडार असतं. कॅमेरा ‘काय आहे’ हे ओळखतो, रडार ‘किती लांब, किती वेगात’ हे अचूक सांगतं. धुकं, धूळ, मावळतीचा सूर्य थेट काचेवर, अशा वेळी कॅमेरा आधी हात टेकतो आणि रडार चालू राहतं. शहरापुरती गाडी वापरणाऱ्याला फक्त कॅमेऱ्यावर भागेल. रात्री पुणे-नाशिक, सोलापूर, समृद्धी अशा फेऱ्या असतील तर रडारवाली घ्या, त्यासाठी सनरूफ सोडावं लागलं तरी चालेल.

रडार असलं म्हणून सगळं दिसतं, हाही गैरसमज आहे. रडारला स्थिर वस्तू आवडत नाहीत. रस्त्याकडेचं रेलिंग, डोक्यावरची कमान, पुलाचा लोखंडी सांधा, सगळंच गाडीच्या दिशेनं सारख्याच वेगानं येताना दिसतं. प्रत्येकावर ब्रेक मारला तर गाडी चालवताच येणार नाही. म्हणून आधीपासून स्थिर असलेल्या वस्तूवर पूर्ण ब्रेक लावण्याआधी ‘हे वाहनच आहे’ अशी कॅमेऱ्याची साक्ष बहुतेक यंत्रणांना लागते. आणि कॅमेरा शिकलेला असतो तो वाहनांच्या नेहमीच्या पाठीवर: दोन टेललाइट, मध्ये नंबरप्लेट, खाली चाकांची सावली, दोन सरळ कडा.

हंगामात कारखान्याकडे निघालेली उसाची जुगाड जोडी आठवा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीचा फाळका उसाखाली गडप, टेललाइट असलाच तर मोळ्यांआड, नंबरप्लेटचा पत्ता नाही, बाजूंनी आणि मागून ऊस लोंबतोय, रिफ्लेक्टरवर चिखल. रात्री हेडलाइटच्या उजेडात ते रस्त्याच्या कडेच्या झुडपासारखं दिसतं. रडारला ठोस उत्तर मिळतं ते आतल्या लोखंडी सांगाड्याकडून, लोंबणाऱ्या उसाच्या टोकाकडून नाही. म्हणजे ओळखलंच तरी अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरलं जाण्याचा धोका उरतो. हायवेच्या कडेला अर्धा लेनमध्ये, पार्किंग लाइटशिवाय उभा केलेला ट्रक हे याचंच दुसरं रूप. रात्रीच्या प्रवासात या दोन गोष्टींसाठी यंत्रणेवर अजिबात विसंबू नका.

गाय, म्हैस, कुत्रा यांची हमी बहुतेक मॅन्युअल देतच नाहीत. दुचाकी मागून सरळ दिसली तर बऱ्यापैकी पकडली जाते, तिरकी घुसली तर नाही. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपनं कारची मोटारसायकलवाली चाचणी 2023 पासून सुरू केली, म्हणजे हा विषय तिकडेही नवाच. आणखी एक उलटी गंमत: रिफ्लेक्टर पट्ट्यांचं जॅकेट माणसाच्या डोळ्याला ठळक दिसतं, पण आयआयएचएसच्या 2025 मध्ये जाहीर झालेल्या चाचण्यांत अंधारात अशा पट्ट्या घातलेल्या पुतळ्याला होंडाची सीआर-व्ही आणि माझदाची सीएक्स-5 यांनी बहुतेक वेळा धडक दिली, सुबारूची फॉरेस्टर मात्र थांबली. रस्त्यावर काम करणारे मजूर आणि नाक्यावरचे पोलीस नेमकी अशीच जॅकेटं घालतात.

नको तिथे लागणारा ब्रेक ही दुसरी बाजू. 2022 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्यानं होंडाच्या अकॉर्ड आणि सीआर-व्हीच्या काही वर्षांच्या मॉडेलांची चौकशी सुरू केली, ती समोर काही नसताना ब्रेक लागल्याच्या 278 तक्रारींवरून. 2021 मध्ये टेस्लानं याच कारणासाठी 11,704 गाड्यांची दुरुस्ती जाहीर केली होती. आपल्याकडे कारणं वेगळी आणि रोजची. दुचाकी कट मारून पुढे घुसते, रिक्षा इंडिकेटरशिवाय आडवी येते, घाटाच्या वळणावर समोरची एसटी क्षणभर नेमकी नाकासमोर दिसते, टोलचा दांडा अजून वर गेलेला नसतो. गाडी दचकून ब्रेक मारते आणि मागे चिकटून येणारा टेम्पो थांबू शकत नाही. भीती खरी आहे, पण म्हणून यंत्रणा बंद ठेवणं आम्हाला पटत नाही. गर्दीच्या शहरात इशारा ‘अर्ली’वरून ‘नॉर्मल’ किंवा ‘लेट’वर आणा. बहुतेक गाड्यांत या सेटिंगनं आवाजाची वेळ बदलते, ब्रेकची नाही. म्हणजे कटकट कमी होते आणि संरक्षण राहतं. चिखलात किंवा वाळूत ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद केलंत तर अनेक गाड्यांत आपोआप ब्रेकही बंद होतो, डांबरी रस्त्याला लागल्यावर ते परत चालू करायला विसरू नका.

दोन गोष्टी शोरूममध्ये सांगत नाहीत. पहिली, ब्रेक लागत असताना एक्सलेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटकन फिरवलं तर यंत्रणा माघार घेते. ड्रायव्हरचा शब्द अंतिम, अशी रचनाच आहे. घाबरून भलत्या पेडलवर पाय गेला तर म्हणून उपयोग शून्य. दुसरी, गाडी पूर्ण थांबल्यावर अनेक मॉडेलांत ब्रेक साधारण दोन सेकंदच धरला जातो. ऑटोमॅटिक असेल तर गाडी पुन्हा हळूहळू पुढे सरकते. थांबल्याबरोबर पाय ब्रेकवर हवाच.

यंत्रणा कमी पडण्यामागे कित्येकदा मालकाचंच कर्तृत्व असतं. फास्टॅग आतल्या आरशाच्या मागे, काचेच्या मध्यावर चिकटवायचा असतो आणि कॅमेऱ्याची खिडकीही नेमकी तिथेच. टॅग त्या काळ्या चौकटीच्या बाहेर, थोडा बाजूला लावा. डॅशकॅमची वायर आणि आरशाला लटकवलेली माळही कॅमेऱ्यासमोर नको. दसऱ्याला पुढच्या ग्रिलवर बांधलेला झेंडूचा भरगच्च हार रडार झाकतो, मग डिस्प्लेवर ‘सेन्सर ब्लॉक्ड’ आलं की लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात. पूजा झाली की हार वरच्या बाजूला सरकवा. पावसाळ्यात बंपरवर बसलेला चिखल हाच प्रकार करतो, ओलं फडकं पुरतं. बुल गार्ड तर लावूच नका. केंद्राच्या डिसेंबर 2017 च्या पत्रानुसार तो बेकायदेशीर आहेच, शिवाय रडारसमोरचा लोखंडी पाइप म्हणजे अडासचे पैसे पाण्यात.

बंपर रंगवून घेताना रडारसमोरच्या भागावर पुट्टीचा थर किंवा जाड मेटॅलिक रंग चढला तर लहरी अडतात. गॅरेजवाल्याला तो भाग आधी दाखवा. पुढची काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन पुन्हा जुळवून घेणं, लागतंच, आणि इथेच सगळ्यात जास्त चालढकल होते. कॅमेरा एक अंशानं जरी सरकला तरी 100 मीटरवर चूक होते पावणेदोन मीटरची, म्हणजे जवळपास अर्धी लेन. शेजारच्या लेनमधली गाडी ‘समोर’ दिसते आणि समोरची दिसतच नाही. कॅलिब्रेशन दोन तऱ्हांनी होतं. एकात गाडी सपाट जमिनीवर उभी करून ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक लावतात. त्या वेळी टायरची हवा बरोबर आणि डिकी रिकामी हवी, कारण मागे वजन असेल तर नाक वर उठतं आणि चुकीचा कोनच बरोबर म्हणून नोंदला जातो. दुसऱ्या तऱ्हेत स्कॅनर जोडून पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर गाडी चालवतात. कुठली तऱ्हा लागू, हे मॉडेलवर ठरतं. विम्यातून काच बदलत असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये लिहून घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना स्कॅनचा छापील रिपोर्ट मागा.

बाजारात मिळणारे ‘अडास डॅशकॅम’ फक्त आवाज करतात, ब्रेकशी त्यांचा संबंध नसतो. चांगल्या दर्जाच्या इशारा यंत्रणेला अर्थ नाही असं नाही. नागपुरात 2021 मध्ये सुरू झालेल्या आय-रास्ते प्रकल्पात महापालिकेच्या बसमध्ये अशी उपकरणं बसवली. चालकाला इशारा मिळतोच, शिवाय इशारे कुठे जास्त वाजतात त्यावरून शहरातल्या धोक्याच्या जागा शोधता येतात. पण ते पगारी, प्रशिक्षण दिलेले चालक आणि रोजचे ठरलेले मार्ग. घरच्या गाडीत स्वस्त डॅशकॅम दोन दिवसांत म्यूट होतो.

गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या आपल्या भारत एनकॅपचे तारे बघून या ब्रेकचा अंदाज बांधू नका. 2023 मध्ये सुरू झालेल्या त्या गुणपद्धतीत मोठ्यांचे आणि मुलांचे गुण धडक झाल्यावर आतल्या माणसांचं काय होतं यावर मिळतात. आणि खात्री करायची म्हणून पुठ्ठ्याचा खोका किंवा मित्र समोर उभा करून चाचणी घेऊ नका, मॅन्युअलमध्ये याला स्पष्ट मनाई असते. खोका वाहन म्हणून ओळखला जाईलच असं नाही आणि मित्राची हमी कोणी देत नाही.

जुनी अडासवाली गाडी घेताना मात्र तपासणी सोपी आहे. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का बाजूच्या काचांच्या शिक्क्याशी जुळवा, मेक किंवा वर्ष वेगळं असेल तर काच बदललेली आहे. बंपरचा रंग फेंडरच्या रंगाशी उन्हात ताडून बघा. चावी फिरवल्यावर टक्कर-इशाऱ्याचा दिवा लागून विझतो की नाही ते पाहा. लागतच नसेल तर बल्ब किंवा फ्यूज काढलेला असू शकतो. काच किंवा बंपर बदललाय आणि कॅलिब्रेशनचा रिपोर्ट नाही, असं निघालं तर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून त्याचं एस्टिमेट आणा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मगच बोलणी पुढे न्या.