नाताळच्या सुट्टीसाठी पंधरा रहस्यकथा : ‘सायलेंट नाइट्स’

‘ब्रिटिश लायब्ररी क्राइम क्लासिक्स’ या मालेत 2015 साली प्रसिद्ध झालेला आणि मार्टिन एडवर्ड्‌स यांनी संपादित केलेला ‘सायलेंट नाइट्स’ हा संग्रह नाताळाच्या पार्श्वभूमीवर घडणाऱ्या पंधरा इंग्रजी रहस्यकथांचा आहे. सुट्टीत घर माणसांनी भरलेले असते आणि सलग वाचनाला निवांतपणा मिळेलच असे नसते. अशा वेळी एका बैठकीत संपणारी, गुन्हा आणि त्याची उकल दोन्ही त्याच बैठकीत हाती देणारी कथा मोठ्या कादंबरीपेक्षा कितीतरी सोयीची ठरते.

संग्रहाची सुरुवात आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द ब्लू कार्बंकल’ने होते. ‘स्ट्रँड’ मासिकाच्या जानेवारी 1892 च्या अंकात आलेली ही कथा अनेकांनी पूर्वी वाचलेली असेल, तरी ती येथे हवीच होती. रस्त्यात सापडलेल्या एका जुन्या टोपीवरून होम्स तिच्या मालकाची घसरलेली परिस्थिती, त्याची बुद्धी, इतकेच नव्हे तर पत्नीचे त्याच्यावरील आटलेले प्रेमही ताडतो. हा प्रसंग तर्कशास्त्राच्या कसोटीवर सगळा टिकेलच असे नाही, पण एका क्षुल्लक वस्तूतून अख्खा माणूस उभा राहताना पाहण्याचा आनंद अजूनही ताजा आहे. जी. के. चेस्टरटन यांच्या ‘द फ्लाइंग स्टार्स’मध्ये नाताळाच्या घरगुती नाटकाच्या गडबडीतच हिरे चोरले जातात आणि करमणुकीसाठी रचलेले सोंग गुन्ह्याचे साधन बनते. ही रचना इतकी नेटकी आहे, की कथा कळल्यावर मागे जाऊन तीच पाने पुन्हा वाचावीशी वाटतात.

या दोन्ही कथांत चोर ओळखला जातो आणि तरीही त्याला पोलिसांच्या हवाली केले जात नाही. होम्स हा क्षमेचा काळ असल्याचे म्हणतो. चेस्टरटन यांचा गुन्हे उकलणारा पाद्री फादर ब्राउन चोराला शिक्षेची भीती न घालता तो पुढे काय होऊन बसेल याचे चित्र दाखवतो. सणाच्या दिवसांत रहस्यकथा का आवडते, याचे माझ्या दृष्टीने खरे उत्तर येथे आहे. गुन्ह्याने घडी विसकटते, पण ती पुन्हा बसवता येते आणि चुकलेल्यालाही परतीची वाट मिळू शकते, हा दिलासा अशी कथा देते.

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांच्या कहाण्या हा दिलासा देत नाहीत, आणि संग्रहातील ‘केंब्रिक टी’ वाचताना हा फरक फार जाणवतो. मार्जरी बोवेन यांच्या या कथेत आपल्याला विष दिले जात आहे अशी खात्री झालेल्या एका आजाऱ्याच्या घरी एक तरुण डॉक्टर येतो. पतीला आर्सेनिक दिल्याच्या आरोपावरून 1889 मध्ये दोषी ठरलेल्या फ्लॉरेन्स मेब्रिक यांच्या खटल्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, 1904 मध्ये सुटकाही झाली, पण त्यांनी खरोखर विष दिले होते का, हा वाद मिटला नाही. कथा शेवटच्या पानापर्यंत उत्तर देते; खटला देईलच असे नाही, आणि त्यात माणसे खरी असतात, म्हणून तो वाचताना उत्सुकतेइतकाच संयमही लागतो. पुढचीच ‘द चायनीज अॅपल’ ही कथा जोसेफ शिअरिंग या नावाने छापलेली असली, तरी ती बोवेन यांचीच आहे. या टोपणनावाने त्यांनी खऱ्या गुन्ह्यांवर आधारित कादंबऱ्या लिहिल्या. संग्रहातील सर्वांत अस्वस्थ करणारी कथा मला हीच वाटली.

सर्व कथा या तोडीच्या नाहीत. काही निव्वळ किस्से आहेत आणि त्या वाचून लगेच विसरल्या जातात. रेमंड अॅलन यांच्या ‘अ हॅपी सोल्युशन’मधील कोडे बुद्धिबळाच्या डावावर उभे असल्याने तो खेळ न येणाऱ्याला त्यातील गोडी अर्धीच मिळेल. डोरोथी एल. सेयर्स यांच्या मोत्यांच्या हाराच्या कथेत मात्र ऐवज कोठे लपवला आहे, हे वाचकाच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. प्रत्येक कथेआधी दिलेला लेखकाचा छोटा परिचय मोलाचा आहे, कारण यातील कित्येक नावे आज विस्मृतीत गेली आहेत.

निकोलस ब्लेक यांची ‘अ प्रॉब्लेम इन व्हाइट’ ही बर्फात अडकलेल्या आगगाडीची कथा शेवटासाठी राखून ठेवावी, असे मी सुचवेन. पुढे ब्रिटनचे राजकवी झालेल्या सेसिल डे-लुइस यांचे हे टोपणनाव. गुन्हेगार कोण हे वाचकाने स्वतः ओळखावे, असे आव्हान ही कथा देते. घरात दोन-तीन वाचक असतील, तर त्यांनी ती एकत्र वाचावी आणि आपापले संशयित कागदावर लिहून मगच उत्तर पाहावे.