हातावरचा स्टार की फाटकाजवळची पायरी

तीन वर्षांच्या मुलासाठी बालवर्ग निवडताना फी, अंतर, बस आणि वर्गातील मुलांची संख्या यांची तुलना प्रत्येक पालक करतोच, म्हणून त्यात शिरत नाही. मुलाच्या भावना शिक्षिका कशा हाताळतात, एवढ्याच अंगाने पुण्यातील दोन ठिकाणांविषयी लिहितो. जूनपासून दिवाळीपर्यंत आमचा मुलगा एका इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत होता. सुट्टीनंतर तो घराजवळच्या मराठी बालवाडीत जाऊ लागला.

माहितीपत्रकांवरून निर्णय होत नाही. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात स्वतःच्या भावना ओळखणे आणि सांभाळणे हे स्वतंत्र उद्दिष्ट आहे, आणि ‘भावनिक विकास’ हे शब्द आमच्या हाती आलेल्या दोन्ही पत्रकांत ठळक छापलेले होते.

नर्सरीचा दिनक्रम पक्का होता, आणि पुढे काय होणार हे ठाऊक असले की लहान मुलाला आधार वाटतो, हे मला मान्य आहे. टीचर प्रेमळ होत्या, आवाज चढवत नसत. खटकला तो स्टार. सकाळी न रडता वर्गात गेलेल्या मुलाच्या हातावर शाळा सुटताना लाल स्केचपेनने स्टार काढला जाई, आणि पहिले काही दिवस मलाही त्याचे कौतुक वाटले. पुढे एका संध्याकाळी मुलगा जिन्यात पडला, गुडघा सोलवटला, ओठ थरथरू लागले, आणि गुडघ्याकडे पाहण्याआधी त्याने स्टारचा हात पाठीमागे नेला. “रडलो तर टीचर पुसतील का?” असे त्याने विचारले. रडू दाबायला तो शिकला होता आणि त्यासाठी आम्ही फी भरत होतो.

बालवाडीत पहिला आठवडाभर पालकाने अंगणात बसायचे, रोज थोडा कमी वेळ, असा नियम होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. आमच्या ताई स्वतःला त्याच परंपरेतल्या मानतात आणि कोणत्याही मुलाला ओढून आत नेत नाहीत. मुलगा रडू लागला की त्या फाटकाजवळच्या पायरीवर, त्याच्या उंचीला येईल अशा बसत आणि “बाबा निघाले म्हणून वाईट वाटतंय, हो ना?” एवढेच विचारत. बाबा कधी येणार, याचे उत्तर त्या घड्याळात देत नसत: आधी मातीकाम, मग खाऊ, मग गोष्ट, आणि गोष्ट संपली की बाबा. साडेअकरा म्हणजे काय हे त्या वयात उमगत नाही, पण गोष्टीनंतर म्हणजे केव्हा हे नक्की उमगते. दहा-बारा दिवसांनी घरी भातुकली मांडून तो कापडी हत्तीला हाच क्रम समजावून सांगत होता, आणि हत्ती रडत होता याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

खेळण्यावरून भांडण झाले तर नर्सरीत खेळणे कपाटात जाई आणि दोघांना सॉरी म्हणावे लागे. ताई ते मध्ये धरून दोघांचे म्हणणे ऐकतात. त्याला वेळ लागतो आणि तोवर बाकीचा वर्ग गोंगाट करतो, हेही सांगायला हवे.

बालवाडीच्या उणिवा कमी नाहीत. कपडे रोज मातीने भरतात, फोनवर निरोप येत नाहीत, आणि एका मुलाने आमच्या मुलाला चावल्याचे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. आई-वडील दोघेही सकाळी लवकर निघणारे असतील आणि आठवडाभर कोणीच अंगणात बसू शकणार नसेल, तर नर्सरीच सोयीची ठरेल. सहज रुळणाऱ्या मुलाला स्टारचा जाच कदाचित जाणवणारही नाही. एका मुलावरून सर्वांचे अनुमान काढू नये, हे मी जाणतो. तरीही वर्ग पाहायला पालकसभेच्या दिवशी न जाता शाळा भरण्याच्या वेळी जावे, फाटकाशी पंधरा मिनिटे उभे राहावे आणि रडणाऱ्या मुलाला पहिले वाक्य कोणते ऐकवले जाते तेवढे ऐकावे, असे मी सुचवेन. आम्ही ते जूनमध्येच केले असते तर एका सहामाहीची फी वाचली असती.