मल्चिंगच्या नावाखाली लाकडाचा भुसा विकला

आमची मोसंबी बदनापूर तालुक्यात. १८० झाडं, जमीन काळी, खाली चुनखडी. आंबे बहाराची फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी बंद ठेवलं होतं. हा ताण तोडायच्या, म्हणजे पुन्हा पाणी सोडायच्या तोंडावरच एक विक्रेता गाडी घेऊन बांधावर आला. "काका, हे पोषण मल्च, म्हणजे झाडाखालचं आच्छादन. आळ्यात टाका, कुदळीने मातीत मिसळा, यंदा खताचा खर्चच नको." पोत्यावर हिरवं झाड, आत काळंभोर भुसभुशीत काहीतरी. झाडाला दोन पोती, पोतं २१० रुपये. ७५,६०० रुपये मोजले आणि त्याच्या बोलण्यावर ताण तोडतानाचा खताचा हप्ताही टाळला.

आईने मूठभर हातात घेऊन वास घेतला. म्हणाली, "हे सुताराच्या दुकानासारखं वास मारतंय रे." मी ऐकलं नाही, ते आजही सलतं.

दीड महिन्यात पानं पिवळी पडली. आधी फांदीवरची जुनी, खालची पानं, मग सगळं झाडच फिकट. गोटीएवढी फळं आळ्यात गळू लागली. फोन केला तर तोच म्हणाला, "तुमच्या चुनखडीत लोह लागत नाही," आणि फवारणीच्या बाटल्या घेऊन हजर. त्याही घेतल्या. लोह कमी असलं की नवी, शेंड्याची पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. माझी तर जुनी पानं आधी गेली होती, म्हणजे कमी होतं नत्र (नायट्रोजन). एवढं तेव्हा कळलं असतं तर दुसऱ्यांदा तरी फसलो नसतो.

शेवटी पोतं घेऊन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या साहेबांनी मूठभर माल पाण्याच्या बादलीत टाकला. पाणी काळं झालं आणि वर तरंगला पिवळसर लाकडाचा भुसा. रंग दिलेला. ते म्हणाले, लाकडाच्या भुशात नत्राच्या शेकडो पट कर्ब (कार्बन) असतो. तो कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलंच उचलतात, झाडाच्या तोंडचं. मोसंबीची बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत, मी भुसा मिसळला तोही तिथंच. वर नुसता पसरला असता तर इतकं नुकसान झालं नसतं. आच्छादनाने ओल टिकते, त्या ओलीतून अन्न उचलणं मुळांना सोपं जातं, हे खरं. पण म्हणून खताचा हप्ता सुटत नाही.

तक्रार करायला पंचायत समितीत गेलो. बिल मागितलं. माझ्याकडे साधी चिठ्ठी, 'अंदाजपत्रक' लिहिलेली. पोत्यावर नत्राचं प्रमाण नाही, बॅच नंबर नाही, बारीक अक्षरात फक्त 'माती सुधारक'. सेंद्रिय खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेश १९८५ खाली घटकांचं प्रमाण छापावं लागतं. ते टाळायलाच हा शब्द.

भुसा जमेल तेवढा खरवडून काढला. ठिबकमधून नत्र थोडं थोडं दिलं. नवी पालवी हिरवी आली, बहार मात्र गेला. आता घरच्या सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरतो, खोडापासून वीतभर लांब, नाहीतर ओलीने डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग धरतो.

परवा पैठणकडच्या पाहुण्यांचा फोन आला. तोच माणूस, तेच बोलणं, पोत्यावर झाडाऐवजी आता गाईचं चित्र. त्यांना म्हटलं, आधी बादलीभर पाणी घ्या आणि त्याच्यासमोरच मूठभर टाका.